किरणबाबांचा झगा

चपलांच्या दुकानावरच्या दालनात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सतरंजीवर चौदा गुबगुबीत मुलं ओळीनं उताणी पडली होती. प्रत्येकाच्या छातीवर पितळी ताटली, डोळ्यांवर पिवळं फडकं. भिंतीला टेकून चौदा आया श्वास रोखून उभ्या. आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र झग्यात किरणबाबा.

"बाहेरचं ऊन शिळं असतं, बायांनो!" बाबा म्हणाले. "नऊ कोटी मैलांवरून येतं. वाटेत धूळ, वाटेत वारा. आपल्यापर्यंत उरतं काय? चोथा! मी ताजं उतरवून देतो."

"आठ मिनिटांत पोचतं," सतरंजीवरून आवाज आला. "आमच्या पुस्तकात आहे. आठ मिनिटांत तर दूधसुद्धा नासत नाही."

लाँड्रीवालीनं लेकीकडे डोळे वटारले. पण चिमीच्या डोळ्यांवर फडकं होतं, त्यामुळे ते वटारणं वाया गेलं.

बाबांचा चेला ओळीतून फिरला. आधी त्यानं ओल्या कापडानं मुलांचे तळवे पुसले. पडदे ओढले. बाबांनी पितळी तांब्यात बसवलेला जांभळा दिवा तळव्यांवर धरला. काळोख. "पाहा! पोरं आतून रिकामी!" मग दहा मिनिटं मंत्र. त्या मंत्रांच्या दरम्यान चेल्यानं प्रत्येकाच्या तळव्यावर 'प्रभातजल' चोळलं आणि बाबांनी पुन्हा दिवा धरला. एकामागून एक चौदा तळवे निळेशार उजळले. बाबांचा झगा तर असा लखलखला की लाँड्रीवालीच्या सासूबाईंनी हात जोडले ते सोडेचनात.

"सूर्य शिरला!" बाबा गरजले. "एकवीस बैठकी. तोवर गोळ्या बंद, बाहेरचं ऊन बंद, पळणं तर मुळीच नाही. घामावाटे सूर्य निघून जातो!"

लाँड्रीवालीनं मान डोलावली. ती मूर्ख नव्हती, दमलेली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून स्वच्छ सांगितलं होतं, "वजन जास्त असलं की ड जीवनसत्त्व चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी पडतं. यात पोरीचा दोष नाही, तुमचाही नाही. आठवड्याला एक गोळी, आणि रोज तासभर बाहेर उड्या, पळापळ. खेळण्यानंही मदत होते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

तीन महिने! पोरीचे पाय आज दुखत होते, आणि बाबा दहा मिनिटांत हातात उजेड दाखवत होते. गोळ्यांची पट्टी कपाटावर गेली. दोरीवरच्या उड्यांची दोरी तिच्या शेजारी.

बारा बैठकी झाल्या. तळवे रोज उजळत होते आणि चिमी रोज लवकर दमत होती. काल ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसली आणि शहाण्या बाईसारखी म्हणाली, "आई, तू हो पुढे. मी येते हळूहळू." लाँड्रीवाली मागे फिरून तिच्याशेजारी पायरीवर बसली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून नऊ राहिल्यात. धीर धर."

तेरावी बैठक संध्याकाळी होती. दुपारी शाळेतून चिमी नेहमीसारखी लाँड्रीत आली आणि धुण्याच्या पावडरच्या डब्यावर बसली. आई मागच्या अंधाऱ्या खोलीत हॉटेलच्या चादरी तपासत होती. उजेडात न दिसणारे डाग शोधायला तिथे एक जांभळा दिवा होता. सहा वर्षं तो रोज तिच्या हातात असायचा.

"आई, बघ बघ!" चिमीनं पावडरीत बुडवलेला हात दिव्याखाली धरला. हात निळाशार. "आज मंत्र न म्हणताच सूर्य शिरला!"

आई हसली. मग हसता हसता थांबली. पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेलं काहीतरी असतं, ते या दिव्याखाली चमकतं, हे ती नव्या पोरींना स्वतः शिकवायची. मग तिथे कसं ओळखलं नाही? तिथे दिवा तांब्यात होता, आणि तिथे ती धोबीण नव्हती, नुसती आई होती.

तिनं दिवा हळूच शेजारच्या गठ्ठ्याकडे वळवला. वरची घडी लख्ख पेटल्यासारखी उजळली. किरणबाबांचा झगा. दर आठवड्याला धुवायला यायचा. साधू माणसाचा म्हणून ती त्यात एक माप पावडर जास्तच टाकायची.

"म्हणजे बारा दिवस मी माझ्याच धुण्याला हात जोडत होते," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिचे कान तापले.

संध्याकाळी पहिला दिवा फिरून 'पोरं रिकामी' ठरल्यावर ती पुढे झाली.

"बाबा, आज माझाही तळवा बघा ना."

"तू कुठे बैठकीला बसलीस, बाई? तुझ्यात काय दिसणार?"

"बघा तर खरं."

तळवा उजळला. ती येतानाच पावडरच्या पाण्यात हात बुडवून आली होती. दालनात कुजबुज. बाबा क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "आईच्या मायेतून झिरपलं!"

"बरं. मग ह्याच्यात?" तिनं पिशवीतून धुतलेला मोजा काढून दिव्याखाली धरला. मोजा उजळला. मग उशीचा अभ्रा. मग सासूबाईंची पांढरी पिशवी. "पिशवीलाही माया आहे का, बाबा?"

"माझी पिशवी!" सासूबाई दचकल्या. "अगं, तिला कसलं जीवनसत्त्व?"

चौदा पोरं फडकी काढून उठून बसली होती. लाँड्रीवालीनं एकाच्या तळव्यावर नळाचं पाणी चोळलं. काळोख. दुसऱ्यावर चेल्याच्या बाटलीतलं प्रभातजल. निळा उजेड. तिनं बाटली हुंगली आणि मान हलवली. "लिंबाच्या वासाची पावडर. आमच्याकडे पोत्यानं येते."

"श्रद्धा नसलेल्यांना असंच दिसतं!" बाबा ओरडले.

"असू द्या. पण तुमच्या झग्याचं तेज मात्र माझ्या हातचं आहे. दोन नंबरचं मशीन, एक माप जास्त. पटत नसेल तर पुढच्या वेळी साध्या पाण्यात पिळून देते, मग बघू किती सूर्य उरतो."

आधी चिमी हसली. मग मागून कुणी, मग सगळं दालन. बाबा जिन्यावरून इतक्या वेगानं उतरले की चिमीनं हाक मारली, "पळू नका, बाबा, सूर्य निघून जाईल!"

त्याच रात्री गोळ्यांची पट्टी कपाटावरून खाली आली, आणि दोरीही. सकाळी लाँड्रीवाली डॉक्टरीणबाईंकडे गेली, मान खाली घालून. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोन आठवडे गेले, ते भरून काढू."

आता लाँड्रीच्या गच्चीवर चादरी वाळत घालायच्या वेळेला शिवाशिवी चालते. चिमी पुढे, आई मागे, मधे ओल्या चादरी. पहिल्या दिवशी दोघी पाच मिनिटांत धापा टाकत खाली बसल्या. "आई, तू माझ्याहून लवकर दमलीस!" केवढा आनंद झाला पोरीला. हळूहळू बाकीच्या तेरा घरांतलीही काही मुलं यायला लागली. सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि राज्य कुणावर यावर भांडणं लावतात.

तीन महिन्यांनी रक्ताचा कागद आला. आकडा अजून हवा तिथे नव्हता, पण बराच वर चढला होता. वजनात फारसा फरक नव्हता. त्याला वेळ लागतो, हे आईला आता कळलं होतं. मात्र चिमी कागद फडकवत जिना चढली आणि वरून ओरडली, "आई, ये की लवकर!" तिसऱ्या पायरीवर या वेळी आई थांबली होती, डोळे पुसायला.

लेकरू दुखत असलं की आपण घाई करतो, आणि बाबालोक त्या घाईवर जगतात. घाई करूच नका असं कुणी आईला सांगू नये. पण डॉक्टरांना विचारा, गोळी परस्पर थांबवू नका, पोरांना उन्हात पळू द्या. आणि कुठे काही चमकताना दिसलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे धुतलंय कशात?