सहा आकडे

"बा, बांधावर उभा राह्य. तिथंच रेंज येते," ममता फोनवर तिसऱ्यांदा सांगत होती.

पुसदच्या कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक. बोंडअळीच्या आणि हवामानाच्या पाच वर्षांच्या नोंदी तिने पायपीट करून गोळा केल्या होत्या. पुढच्या हंगामात अळी केव्हा उठेल, हे काढायला कॉलेजच्या संगणकाला दोन महिने लागले असते. पुण्याच्या महासंगणकाला एक रात्र. सात महिने अर्जविनंत्या केल्यावर त्यावर काम करायची परवानगी आली. आज पाचच्या आत खातं उघडायचं, नाहीतर परवानगी रद्द.

घोडं अडलं ते नंबरावर. खातं उघडताना मोबाइलवर सहा आकडे येतात, आणि अर्जात ममताने वडिलांचा, भावसिंगांचा नंबर दिलेला. रेशनकार्ड असो की शिष्यवृत्ती, त्यांच्या घरात प्रत्येक कागदावर तोच एक नंबर. सवयीने हात चालला. आता दुपारी चारला शहाणपण सुचून काय उपयोग?

भावसिंग सकाळपासून कपाशीत कीटकनाशक फवारत होते. पंप उतरवून त्यांनी आकडे वाचले, ते चुकले. पुन्हा मागवले, तेही चुकले. तिसऱ्यांदा चुकलं की खातं बंद. ममताने तिसऱ्यांदा मागवले आणि तिचा तोल गेला. अख्ख्या तांड्याची वीजबिलं वाचून देणारा माणूस, लेकीच्या वेळेलाच आठाचे तीन करतो!

"एवढं बी वाचता येत नाही का तुले?"

"येते ना, बाई. पण आभाळ लय अंधारून आलं. थांब, उजेडात जातो."

ममताने खिडकीबाहेर पाहिलं. ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं. तांड्याकडच्या डोंगरावरही ढगाचा ठिपका नव्हता.

तिला एकदम आठवलं. महिनाभरात तांड्यातली तिघं फवारणीहून थेट दवाखान्यात गेली होती. एक परतला नाही. तिघांचंही आधी डोळ्यांपासूनच सुरू झालं होतं.

"बा, वाचू नको. सदरा काढ, अंगावर पाणी घाल. शामकाकाले धाडते मी."

"पण तुह्यं काम..."

तिने फोन कापून शेजारच्या शेतातल्या शामकाकांना लावला, आणि संगणक तसाच सोडून दवाखान्याकडे धावली.

भावसिंगांना वॉर्डात आणलं तेव्हा पाच वाजून गेले होते. सलाईन लागलं. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच ठरत नव्हती. मुठीत फोन घट्ट. ते सोडायलाच तयार नाहीत, असं नर्स म्हणाली.

"ममता हाय का? घे लिहून. शामनं गाडीत वाचून देल्ले, म्या पाठ केले. सात. शून्य. चार..."

ते आकडे केव्हाच बाद झाले होते. ममताने पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून तळहातावर एकेक आकडा लिहीत गेली. रडू आवरत नव्हतं, पण आवाज तिने होऊ दिला नाही.

"आले का बराबर?"

"बराबर आले, बा."

तेव्हा कुठे त्यांची मूठ सुटली.