समासातली नोंद

"तारीख?" हेल्गानं पुन्हा विचारलं.

मी ओट्यापाशी गवारीच्या शेंगा मोडत होते. "पूर आला होता त्या साली," मी म्हटलं.

"कुठला पूर? महिना कोणता?"

हेल्गा म्हणजे माझी विहीण, माझ्या वृंदाची सासू. मूळची जर्मनीची. लग्न होऊन इथं, समुद्राकाठच्या डून लेरीला आली त्याला पन्नास वर्षं झाली, आणि नवरा जाऊन सात. दर शनिवारी ती दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, ल्यूकनला आमच्याकडे येते. इथल्या लोकांचं भरभर इंग्रजी मला कळत नाही. हेल्गाचं कळतं, कारण तीही ते माझ्यासारखी मोठेपणी शिकली. ती सावकाश बोलते, मी मोडकं बोलते, आमचं भागतं.

वृंदाला सातवा महिना लागला होता. येणाऱ्या बाळासाठी हेल्गानं दोन्ही घरांची वंशावळ करायला घेतली होती. टेबलभर पांढरा कागद पसरलेला. तळाशी बाळाचा रिकामा चौकोन, त्याच्यावर वृंदा आणि जावई मायकेल. मायकेलच्या बाजूला सात पिढ्या चढत गेल्या होत्या. आमच्या बाजूला मी होते, आणि माझ्या शेजारी एकच नाव, गुरुनाथ. त्या नावापुढे क्रूस, म्हणजे माणूस गेल्याची खूण, काढायचा होता. पण तारखेशिवाय हेल्गा शाई लावत नाही.

"राहू दे, मग बघू," ती म्हणाली आणि तिनं फायलीतून एक फोटो काढला. "ही माझी आजी, मार्टा. लग्नातला फोटो."

डोक्यावर पांढरी जाळी आणि अंगात गळ्यापर्यंत काळा झगा.

"नवरीनं काळं घालायचं?" मी म्हटलं. "आमच्याकडं वऱ्हाड दारातनंच माघारी गेलं असतं."

"खेड्यात सगळ्या काळंच घालायच्या. एकदा शिवला की जन्मभर प्रत्येक मयताला चालतो. नवऱ्याच्यासुद्धा."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं एक नक्कल पुढे केली. सरकारी दप्तरातलं लग्नाचं पान. मधे लग्नाची नोंद आणि बाजूच्या समासात तिरक्या अक्षरांत चार ओळी.

"आजी सांगायची, नवरा समुद्रात बुडाला. चाळीस वर्षं मी त्याच्या नावापुढे क्रूस लावला. गेल्या महिन्यात हे पान आलं. समासात लिहिलंय, घटस्फोट, एकोणीसशे सत्तावीस. त्या वेळी कोर्ट दोष कुणाचा तेही ठरवायचं. नवरा दोषी." ती चष्मा पुसत म्हणाली, "बुडाला कसला! दुसरीबरोबर चार मुलं वाढवली आणि म्हातारा होऊन मेला."

"आजीवर रागावलीस?"

"नाही गं. पण माझी आई मरेपर्यंत समुद्राला फुलं वाहायची. तिला सांगायला हवं होतं. तिचा बाप होता तो."

मी शेंगा बाजूला ठेवल्या.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. ओट्यावर खीर, वडे, भाताची मूद तयार होती, फक्त गवारीची भाजी राहिली होती. वृंदा दरवर्षी बापाच्या नावानं पान वाढून मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवते. इथं कावळ्याआधी सीगल येतात. पक्षी शिवेपर्यंत ती जेवत नाही. कॉलेजात असल्यापासून तिचं हे चालू आहे, आणि दरवर्षी मी तो स्वयंपाक मुकाट्यानं करते.

गुरुनाथ मेला की जगला, मला माहीत नाही. मुलगा हवा म्हणून त्यानं दुसरी आणली. तिच्या हाताखाली मी राहायला नाही म्हटलं. पंच बसले. त्यांनी दोष माझ्यावर ठेवला. वाळल्या गवताची काडी आणली, एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. मोडली. काडीमोड झाली. त्यानं आपला तुकडा मागं फेकला. माझा मी मुठीत धरला आणि एसटीत बसेपर्यंत मूठ उघडली नाही. कडेवर आठ महिन्यांची वृंदा होती.

शहरात टाकलेल्या बाईला कुणी खोली देईना. विधवेला दिली. तेव्हापासून मी कुंकू लावलं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी वृंदाच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले. तिच्या मेडिकलच्या फॉर्मवर बापाच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, ते माझ्याच हातानं.

"हेल्गा," मी विचारलं, "आजीच्या नावापुढं तू आता काय काढलंस?"

तिनं बोट ठेवलं. "दोन गोल एकमेकांत अडकलेले म्हणजे लग्न. दोन गोल सुटे आणि मधे उभी रेघ म्हणजे घटस्फोट."

मी हात पुसले आणि तिच्या हातातलं पेन घेतलं. माझ्या आणि गुरुनाथच्या नावांमध्ये एक गोल काढला, थोडं अंतर सोडून दुसरा. मधे रेघ ओढली. ती सरळ आली नाही, गवताच्या काडीसारखी वाकडी आली.

हेल्गा कागदाकडे बघत राहिली. मग उठून तिनं चहाची किटली लावली. तारीख पुन्हा विचारली नाही.

दोन वाजता वृंदा हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली. पोटावर हात ठेवून आत येत म्हणाली, "आई, झालं का पान? मला आणि बाळाला दोघांनाही जाम भूक लागलीय." बोलता बोलता ती कागदावर वाकली. सासूकडून ती सगळ्या खुणा कधीच शिकली होती.

"हेल्गा, इथे चुकलंय."

"चुकलं न्हाई," मी म्हटलं. "म्या काढलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हेल्गा कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

मी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. सदतीस वर्षांचं पाच मिनिटांत संपलं.

"म्हणजे बाबा आहेत?"

"ठावं न्हाई, बाय."

"मला बघायला कधी आले होते?"

हे मात्र मला माहीत होतं. "न्हाई."

"मी विचारायचे तेव्हा तू सांगायचीस, तुझ्यावर फार जीव होता त्यांचा."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, हात धुतले आणि नेहमीसारखं पान वाढलं. भाताची मूद, वरण, दोन वडे, वाटीत खीर. गवार तशीच कच्ची पडली होती. मागच्या भिंतीवर दोन सीगल येऊन बसले होते. त्यांना कचऱ्याचा वार कळतो, तिथी कशी कळते देव जाणे.

वृंदा ताट घेऊन मागच्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावून उभी राहिली. मग परत फिरली. ताट टेबलावर ठेवलं, कागद चुरगळणार नाही असं बाजूला. फडताळातून दुसरं ताट काढलं आणि पालथं घातलं त्याच्यावर. उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी झाकून ठेवतात, तसं.

"तू जेवून घे, आई," ती म्हणाली आणि वर गेली.

मी खुर्चीत बसून राहिले. भिंतीवरचे सीगल बराच वेळ दाराकडे बघत होते.