टर्बोचं एक मिनिट

इंजिन बंद केल्यावर तापलेला धातू हळूहळू थंड होऊ लागतो आणि त्याचा टिक-टिक असा बारीक, अनियमित आवाज येत राहतो. पावसाची सर थांबल्यावर पत्र्यावरून उरलेले थेंब ओघळावेत तसा. त्या आवाजात मला माझी मुलगी सानिका दिसते. शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली, काचेवरच्या वाफेत बोटाने रेघा ओढणारी आणि नजर माझ्याकडे न वळवता बोलणारी.

ती सोळा वर्षांची असताना आम्ही ही गाडी घेतली. जुनी, सत्तेचाळीस हजार मैल चाललेली, गडद निळी, टर्बो इंजिनाची. इथे आमच्या ट्रॉय शहरातच, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची. मी ती लिफ्टवर चढवून खालून पाहिली, तेल बदलल्याच्या पावत्या मैलांच्या क्रमाने लावल्या आणि एक कमी भरली म्हणून आठवडाभर अडून बसलो.

"बाबा, ही इज नॉट अ क्रिमिनल," सानिका म्हणाली.

पावती सापडली, मगच गाडी दारात आली. मॅन्युअल मी तिच्या हाती दिलं, चालवायला शिकायचं तर आधी हे वाच म्हणून. मला ते वाचायची गरज वाटली नाही. तरुणपणी पिंपरीच्या कारखान्यात मी डिझेल इंजिनांच्या चाचण्या घेत असे, आणि तिथला एक नियम अंगात मुरला होता: टर्बो जोरात फिरून तापला की इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर संथ चालू द्यायचं, नाहीतर आतलं तेल जळतं. म्हणून शाळेतून, पोहण्याच्या सरावाहून, रविवारच्या मराठी शाळेतून परतलो की दारात गाडी उभी करून आम्ही दोघं साठ सेकंद बसायचो.

घरात तिच्या खोलीचं दार बंद असे आणि उत्तरं एका शब्दाची. त्या मिनिटात मात्र ती, धुकं विरून झाडं एकेक दिसू लागावीत तशी, थोडी थोडी दिसू लागे. ऑक्टोबरात मेपलचा तांबूस उजेड तिच्या गालावर असे, जानेवारीत बर्फाचा निळसर. त्या उजेडांत तिने मला सांगितलं, की जिवलग मैत्रिणीने बोलणं टाकलं आहे. की आजी गेली तेव्हा आपल्याला रडू आलं नाही, याची तिला भीती वाटते. मी ऐकत असे, पण डोळे घड्याळावर. साठ झाले की किल्ली फिरवत असे. कधी तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच.

आता ती सिअ‍ॅटलला नोकरी करते. "विकून टाक ना, बाबा. नुसती उभी तर असते," ती फोनवर म्हणाली. मलाही ते पटलं. शनिवारी गिऱ्हाईक येणार म्हणून मी गाडी पुसायला काढली, समोरचा कप्पा रिकामा केला, आणि मॅन्युअलमधलं एक मुडपलेलं पान आपसूक उघडलं. त्यावर हिरव्या पेन्सिलीची रेघ होती. तसली पेन्सिल घरात एकटी तीच वापरी. रेघ मारलेल्या ओळीत छापलं होतं, की इंजिन बंद झाल्यावरही एक पंप आपोआप चालून टर्बो थंड करतो. एरवीच्या वापरात थांबण्याची आवश्यकता नाही. त्याच पानात खूण म्हणून तेल बदलल्याची आमची पहिलीच पावती होती.

मी तिला फोन लावला. "ते टर्बोचं पान तू वाचलं होतंस?"

ती हसली. "पहिल्याच हिवाळ्यात. पण सांगितलं असतं, तर तू सरळ आत गेला असतास."

शनिवारी गिऱ्हाइकाला पुस्तकातलं होतं तेच सांगितलं. थांबायची गरज नाही म्हणालो. तो चक्कर मारून आला, दारातच त्याने खटकन इंजिन बंद केलं, आणि मी बाहेर उभा राहून ती टिक-टिक पूर्ण थांबेपर्यंत ऐकली.

आताच्या गाडीला टर्बो नाही. तरी दारात आलो की मी बसून राहतो, घड्याळ न बघता. साठाव्या सेकंदाला मी तोडलेली तिची वाक्यं काळाच्या कुठल्या वळणावर थांबली असतील ते मला कळत नाही; ती कधी पूर्ण व्हायला आलीच तर बसायला जागा असावी, म्हणून शेजारच्या सीटवर मी काही ठेवत नाही.