चौथ्या मिनिटाला वाजलेली घंटा

मित्रांनो, डोक्यावर थाप बसली की ओरडायचं, एवढंच मला येतं. मी पितळेची जुनी टेबलघंटा. गौलीगुड्यातल्या एका तांबटाने मला घडवलं. बरकतपुऱ्यातल्या एका मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपली की मी वाजायचं, हे चाळीस वर्षं चाललंय. पूर्वी मला चिंचेने घासत. लोक कौतुकाने म्हणत, "पाहुणा कितीही मोठा असो, ही कुणाची भीड ठेवत नाही." आता मी वर्षभर कपाटात काळी पडून असते. त्याचा राग नाही हो मला. राग आहे तो यंदाच्या स्पर्धेचा.

यंदा नववीतली केतकी उभी राहिली. पोरीला मराठी वाचायला जड जातं, म्हणून आईने तोंडी सांगितलेलं भाषण तिने महिनाभर घोकलं होतं. 'खरी जनता फक्त आमचीच' म्हणत निवडून येणारी उजवी सरकारं देशोदेशी वेगळी कशी, हा तिचा विषय. मिनिटं सात.

"पोलंडच्या सरकारने मुलांसाठी घरोघरी पैसे दिले," ती म्हणाली. "अर्जेंटिनाच्या सरकारने उलट सरकारी खर्चालाच कात्री लावली. सगळ्यांना एका मापाने मोजून कसं चालेल?"

"सगळे सारखेच चोर! फरक कसला शिकवतेस?" श्रोत्यांतले, उजव्यांचे कट्टर विरोधक एकनाथराव ओरडले.

"परदेशाच्या आडून आम्हालाच बोलतेस काय गं?" पलीकडून उजव्यांचा कट्टर समर्थक विक्रम गरजला.

एरवी हे दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण पोरीला गप्प करायला कसे एका सुरात ओरडले, "बस करा की!" अध्यक्ष प्रतापराव घाबरले आणि त्यांनी माझ्यावर थाप मारली. तेव्हा चौथं मिनिट चालू होतं!

केतकीचं पाठ केलेलं वाक्य तुटलं.

"अजून तीन मिनिटं आहेत तिची," परीक्षक इंदुताई संतापून म्हणाल्या.

"नक्को ताई, झगडे नक्को," म्हणत प्रतापरावांनी पुन्हा थाप मारली. जळ्ळं मेलं माझं जिणं, मी पुन्हा ओरडले.

केतकी खाली उतरली नाही. डोळे पुसून म्हणाली, "पोलंडचं सरकार निवडणूक हरलं आणि खुर्ची सोडून गेलं. ब्राझीलमध्ये मात्र..."

मग प्रतापराव मला बडवतच सुटले. केतकीचे ओठ हलत राहिले.

मित्रांनो, हात जोडून सांगते, माझ्यावर हात उगारण्याआधी घड्याळ बघत जा. ब्राझीलमध्ये पुढे काय झालं, ते त्या सभागृहात कुणालाच ऐकू आलं नाही. मलाही नाही, कारण तेव्हा मीच ओरडत होते.