बाण उजवीकडचा

"बाबा, चौकाच्या आधी रस्त्यावरचा बाण बघा. सिग्नल नंतर," इर्माने पाचव्यांदा सांगितलं.

रेइनो लाहती वैतागला. "साठ वर्षं गाडी चालवतोय. बर्फात तुला शाळेत कोण सोडायचं?"

"आणि काल सरळ जायचं असताना उजव्या लेनमध्ये कोण घुसलं?"

ऐंशी पूर्ण झाली म्हणून रेइनोला गाडीची परीक्षा पुन्हा द्यायची होती. लायसन्स गेलं तर तळ्याकाठची केबिन विकायची, असं इर्माने सांगून टाकलं होतं. शहरापासून पन्नास किलोमीटर, तिथे बस जात नाही. तिथल्या वाफ्यात त्याची बायको हेल्वी दरवर्षी बटाटे लावायची. हेल्वी जानेवारीत गेली. बियाण्याच्या बटाट्यांना आता मोड आले होते.

"आणि लेन चुकलीच, तर आहात त्याच लेनने जा," इर्मा म्हणाली. "मध्येच घुसू नका. वळसा पडला तर पडू दे."

"तुझी आई एवढं बोलत नव्हती."

हे खोटं होतं. हेल्वी याहून जास्त बोलायची.

परीक्षा घेणारी बाई इर्माहून लहान होती. पहिले दोन चौक नीट गेले. तिसऱ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "सरळ चला."

रेइनोने खाली पाहिलं तर बाण उजवीकडे वळलेला. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, हेल्वीला डायलिसिसला नेताना तो इथूनच उजवीकडे वळायचा. हातांनी त्याला न विचारताच लेन धरली होती. मूर्खा, ती आता तिथे नाही, असं तो मनात स्वतःवरच खेकसला. डावीकडच्या सरळ लेनमधून लाकडांचा ट्रक येत होता. त्याच्यापुढे घुसण्यापुरती जागा होती, आणि एरवी तो घुसलाही असता.

"मी उजवीकडे जातोय," तो म्हणाला.

"मी सरळ सांगितलं होतं."

"ऐकलं. लेन उजवीकडची आहे."

तो वळला. हॉस्पिटलचं दार आलं आणि मागे गेलं. मोठा वळसा घालून गाडी कार्यालयाशी परत आली.

"रस्ता चुकलात," बाई लिहिता लिहिता म्हणाली.

"माहीत आहे."

"रस्ता चुकल्याचे गुण मी कापत नाही. बाण सोडून सरळ गेला असतात, तर मात्र नापास. डावा आरसा कमी बघता, त्याचे कापलेत." तिने कागद त्याच्या हातात दिला.

बाहेर इर्मा उभीच होती. "काय झालं?"

"उजव्या लेनमध्ये घुसलो."

तिने कपाळाला हात लावला. "तरी मी सांगत होते."

"पास झालो. बस गाडीत, बटाटे लावायचेत."

इर्मा निमूट बसली. पहिला चौक जवळ आला तरी ती एक शब्द बोलेना. रेइनोने दोनदा तिच्याकडे पाहिलं.

"आता का गप्प?" तो करवादला. "सांग की, बाण कुठला आहे?"