वाकडेपणा काढला त्या दिवसापासून

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि मी ताठ सरळ उभा आहे. हेच माझं दुखणं. खरं सांगायचं तर आता ते दुखतही नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कललेला होतो. लाकडी बैठक, लोखंडी कमान आणि पोटातून गेलेली तिरकी सळई. शाळेत भूगोलाच्या बाई टेबलावर मधोमध दिवा लावत. तो सूर्य. मला उचलून त्या दिव्याभोवती फिरत. त्यांचा एकच दंडक होता, माझं वरचं टोक कायम खिडकीकडे. "खिडकी सोडायची नाही," त्या म्हणत. त्यामुळे दिव्याच्या एका बाजूला माझा वरचा अर्धा भाग उजेडाकडे झुके. तिथे उन्हाळा. पलीकडे गेलो की तोच भाग उजेडापासून मागे सरे. तिथे हिवाळा.

"सूर्य जवळ येतो म्हणून उकडतं ना, बाई?" एकीने विचारलं.

"मग त्याच वेळी खालच्या अर्ध्या भागातले लोक का कुडकुडतात? त्यांच्यावर काय सूर्य रुसलाय?"

"पण ते खालचे लोक पडत कसे नाहीत?"

"खाली म्हणजे पृथ्वीच्या पोटाकडे, बाळा. ती सगळ्यांना तिकडेच ओढते. चंद्रालासुद्धा. तो पळतोय म्हणून पडत नाही, आणि ती ओढते म्हणून सुटत नाही."

मग एकदा बाई रजेवर असताना शाळेची तपासणी निघाली. मुख्याध्यापक मला बघून म्हणाले, "हे वाकडं काय ठेवलंय? लोक म्हणतील, सगळं सामान मोडकं आहे." वेल्डरने कमान कापली, मला सरळ केलं आणि पक्कं जोडलं. वर चंदेरी रंग. तपासणीच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. आयुष्यातलं एकमेव कौतुक, तेही मोडल्याबद्दल.

बाई परतल्या. "सर, तो वाकडाच असतो."

"बाई, इतकी वर्षं वाकडं शिकवलंत, आता जरा सरळ शिकवा."

सरळ म्हणजे बरोबर, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्याच हातात शाळेच्या किल्ल्या असतात. बाई निवृत्त होईपर्यंत मला हातानेच तिरका धरून फिरल्या. एक हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत.

नंतरच्या सरांनी मला उभंच फिरवलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, यात ऋतू होतच नाहीत. कुठेही नेला तरी वर-खाली उजेड सारखाच पडतोय."

"पुस्तकात होतात ना? मग पाठ कर. जास्त शहाणपणा नको."

ती खाली बसली. अख्ख्या वर्गात नीट बघणारी ती एकटी होती. पुन्हा तिने काही विचारलं नाही.

आता मी कपाटावर असतो. धूळ पुसली नाहीत तरी चालेल. रंग गेला तरी चालेल. पण मित्रांनो, कधी तुमच्या हाती लागलोच, तर मला बैठकीसकट उचला. वरचं टोक खिडकीकडे कलवा आणि दिव्याभोवती फिरा. हात भरून येईल. येऊ द्या. खिडकी सोडू नका.