बारा अक्षरं

कोके, म्हणजे माझे वडील, अल्माटीच्या इस्पितळात पडल्या पडल्या रोज एकच विचारायचे, "गर्दी आहे ना?"

गर्दी रायबोसोमची. पेशीतल्या एमआरएनएच्या धाग्यावरून रायबोसोम चालत जातो आणि प्रथिन विणतो. उपाशी पेशीत ते सगळे एका ठरावीक जागी थबकतात, हा कोकेंच्या आयुष्यातला एकमेव शोध. रायबोसोमखाली सापडलेले धाग्याचे लाखो तुकडे आम्ही वाचायचो. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या टोकापासून बारा अक्षरं मोजून रायबोसोम नेमका कुठे उभा होता, ते संगणक सांगायचा. प्रोग्राम माझा. बाराचा आकडा कोकेंचा.

दोन वर्षांपूर्वी येर्केझान या विद्यार्थिनीने बैठकीत कोकेंना, विद्यार्थ्यांच्या आगायना म्हणजे सरांना, विचारलं होतं, "आगाय, तुकडे सारख्या लांबीचे नाहीत. लांब तुकड्यांना बारा कसे चालतील?"

"तुझ्या गावात मेंढ्या मोजतात ना? तिकडेच जा," कोके म्हणाले. "चारदोन इकडेतिकडे झाल्या तर लांडग्याच्या नावावर खपतात."

सगळे हसले. तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं. मी वहीत बघत राहिले. मला ताते, म्हणजे ताई, म्हणणारी ती महिन्याभरात प्रयोगशाळेतून गेली.

आता आमचा शोधनिबंध तपासणाऱ्या नियतकालिकाच्या परीक्षकाने तेच विचारलं. मी प्रत्येक लांबीला वेगळा आकडा देऊन गणित पुन्हा चालवलं. गर्दी उरली नाही. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता. मी खोटं बोलू शकले असते.

"नाही, कोके. गर्दी नाही."

कोके म्हणाले, "येर्केझानला बोलाव."

मला वाटलं, माफी मागतील.

"ये, पोरी," ती आल्यावर ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "कामशातने घोळ घातला बघ. मला कशाला सांगत बसलीस? हिचे कान धरायचेस."

"कोके, बारा तुम्ही—"

"तू थांब. येर्केझान, प्रोग्राम कोण लिहायचं?"

तिने माझ्याकडे सावकाश पाहिलं. "कामशात ताते, आगाय."

खोटं नव्हतं.

नियतकालिकाला पत्र त्यांनी मलाच टाइप करायला लावलं. 'माझ्या मुलीच्या हलगर्जीपणामुळे' हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

बाहेर येर्केझान म्हणाली, "ताते, गप्प का बसलात?"

"मरताहेत गं ते."

"तेव्हा तर धडधाकट होते."

तिसऱ्या दिवशी कोके गेले.

चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला संस्थेचे संचालक सगळ्यांत वरच्या जागी बसले होते. कोकेंना ते आदराने ओरेके म्हणत. "ओरेकेंसारखा माणूस होणे नाही! शास्त्रापुढे पोटच्या पोरीलाही पाठीशी घातलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुला ठेवणं आता अवघड आहे, बाळ. त्यांनीच लिहून ठेवलंय, आम्ही काय बोलणार? चहा दे जरा."

पाहुण्याला आम्ही चहा अर्धी वाटीच ओततो. काठोकाठ भरली की 'उठा', हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी काठोकाठ भरली.

त्यांना कळलं. पण मांसाचं मुख्य ताट अजून यायचं होतं. त्यांनी वाटी ओठांकडे नेली आणि बसून राहिले.